कुलूप, किडा आणि कपाटातला इंजिनिअर: सिलिकॉन व्हॅलीतले चार दिवस

सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होजेला मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेल्या आईवडिलांना आणि पुण्या-मुंबईहून ऑनसाइट आलेल्या इंजिनिअरना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, की इथे पाहायचं काय? जगभर नावाजलेल्या कंपन्यांच्या इमारती बहुतेक दोन-तीन मजली, भोवती पार्किंग आणि झाडं. आत जायचं तर बॅज हवा. या भागाची खरी श्रीमंती तिथे नोकरी केलेल्या माणसांच्या आठवणींत आहे. कोणी साहेबाच्या केबिनमध्ये आख्खी गाडी उभी केली, कोणी पाहुण्याला झाडू-फडक्याच्या कपाटात लपवलं. हे किस्से कुठल्या रस्त्यावर, कोणत्या इमारतीत घडले याची नोंद आहे, आणि ते ठिकाण फुटपाथवर उभं राहून पाहता येतं.

एक गोष्ट या चारही दिवसांत लक्षात ठेवावी. प्रत्येक फजितीमागे एखादा नियम, एखादं यंत्र किंवा एखाद्या खोलीची अडचण आहे. ती समजली की किस्सा नुसता हसण्यापुरता राहत नाही, त्या काळी काम कसं चालायचं तेही दिसतं.

प्रवासासाठी क्लिपर कार्ड घ्यावं. ते कॅलट्रेन या लोकल गाडीला आणि व्हीटीए या स्थानिक सेवेच्या बसला चालतं. कॅलट्रेनमध्ये चढण्याआधी आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा प्लॅटफॉर्मवरच्या यंत्राला कार्ड लावावं लागतं. उतरल्यावर लावायचं राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि नव्या माणसाचं नेमकं तेच राहतं. एल कॅमिनो रिअल या मुख्य रस्त्यावरून २२ आणि ५२२ क्रमांकाच्या बस पालो अल्टोपासून सॅन होजेपर्यंत जातात. ५२२ कमी थांबे घेते. दुसरा दिवस बुधवारी किंवा शनिवारी येईल अशी आखणी करावी. कारण पुढे येईलच.

पहिला दिवस: पालो अल्टो आणि सॅन अँटोनियो रोड

पालो अल्टो स्टेशनवर उतरून जुन्या झाडांच्या सावलीतून पंधरा-वीस मिनिटं चाललं की ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यू येतं. घराच्या मागच्या बाजूला छोटं लाकडी गॅरेज दिसतं. बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी १९३८ मध्ये इथे काम सुरू केलं. पुढच्या वर्षी कंपनीचं नाव ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, ठरलं, तेही नाणं उडवून. समोर कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळाचा फलक आहे, क्रमांक ९७६. आत प्रवेश नाही. शेजारी लोक राहतात, तेव्हा आवाज न करता फुटपाथवरूनच पाहावं.

पहिल्या यंत्राचं, म्हणजे ऑडिओ ऑसिलेटरचं नाव त्यांनी २००ए ठेवलं. ‘१’ हा क्रमांक दिला असता तर हे यांचं पहिलंच यंत्र आहे हे गिऱ्हाइकाला कळलं असतं.

एचपीतला सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा किस्सा कुलपाचा आहे. सुट्टीच्या दिवशी ह्यूलेट ऑफिसात आले. त्यांना एक सुटा भाग हवा होता, पण सामानाच्या कोठीला कुलूप. त्यांनी कटर आणून कुलूप तोडलं आणि हे दार पुन्हा बंद करू नका अशी चिठ्ठी सहीनिशी ठेवली. सोमवारी कोठी सांभाळणाऱ्याची काय अवस्था झाली असेल ते नोकरदाराला सांगायला नको. याचं मूळ मात्र पॅकार्ड यांच्या आधीच्या नोकरीत आहे. १९३० च्या दशकात ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. तिथे हत्यारांवर आणि सुट्या भागांवर कडक पहारा असे. आपल्यावर विश्वास नाही हे दिसल्यावर कामगार संधी मिळेल तेव्हा वस्तू उचलून नेत. म्हणून एचपीत कोठ्या उघड्या ठेवायचं ठरलं. इंजिनिअरने भाग घरी नेला तरी तो त्यावर काहीतरी शिकेलच, हा त्यामागचा हिशोब. कुलूप तुटलं ते या धोरणासाठी.

दुसरा किस्सा पदकाचा. चक हाउस हा कोलोरॅडोतल्या विभागातला इंजिनिअर मोठ्या पडद्याचा मॉनिटर बनवत होता. पाहणीला आलेल्या पॅकार्डना तो पटला नाही. पुढच्या वेळी येईन तेव्हा हे काम मला प्रयोगशाळेत दिसता कामा नये, असं ते सांगून गेले. हाउसने आणि त्याच्या गटाने घाई करून मॉनिटर उत्पादनात नेला. पॅकार्ड परत आले तेव्हा काम खरोखरच प्रयोगशाळेत नव्हतं! मॉनिटर हजारोंच्या संख्येने खपला. १९८२ मध्ये पॅकार्डनी हाउसला सगळ्यांसमोर पदक दिलं, आणि त्यावर अवज्ञेबद्दल असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आपला निर्णय चुकला हे मालकाने भर सभेत, पदकावर कोरून मान्य करावं, याला मोठं मन लागतं.

दुपारी कोयोट हिल रोडवर जावं. इथे कार किंवा टॅक्सीच बरी, कारण रस्ता टेकडीवर चढतो आणि सावली नाही. ३३३३ क्रमांकाची इमारत म्हणजे झेरॉक्सची संशोधन संस्था ‘पार्क’ (पालो अल्टो रिसर्च सेंटर), स्थापना १९७०. झेरॉक्सने २०२३ मध्ये ही संस्था एसआरआय या दुसऱ्या संशोधन संस्थेला देऊन टाकली. बाहेरून दिसतो तो उतारावर पायऱ्यांसारखा बसवलेला काँक्रीटचा विस्तार.

इथली आठवड्याची बैठक प्रसिद्ध होती. एकाने विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. खोलीत खुर्च्यांऐवजी बीनबॅग होत्या. बीनबॅगमधून झटकन उठून समोरच्यावर धावून जाता येत नाही, हा तिचा फायदा तिथले लोकच सांगत. १९७२ च्या डिसेंबरात ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने या लांब केसांच्या, अनवाणी संशोधकांवर छायाचित्रांसह लेख छापला. फोटोकॉपी मशीन विकणाऱ्या पूर्व किनाऱ्यावरच्या वरिष्ठांना घाम फुटला आणि प्रयोगशाळेवर शिस्तीचा बडगा आला.

किड्याची गोष्ट याच इमारतीतली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन शॉच आणि जॉन हप यांनी ‘किडा’ (वर्म) नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो इथरनेट या नेटवर्कवरून रिकामी अल्टो यंत्रं, म्हणजे तिथले संगणक, शोधायचा आणि त्यांवर आपले तुकडे चढवून काम वाटून घ्यायचा. रिकामं यंत्र ओळखणं सोपं होतं. घरी जाताना लोक यंत्रावर मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवून जात, आणि तो नेटवर्कवरून आलेल्या हाकेला उत्तर देई. एका रात्री दोघांनी छोटासा किडा चालू ठेवला. सकाळी आले तर डझनावारी यंत्रं मेलेली. यंत्र पुन्हा सुरू करावं, तर तपासणीचा प्रोग्रॅम क्षणभर चालतो आणि किडा पुन्हा यंत्र बळकावतो. एका तुकड्याचा कोड बिघडला होता. तो ज्या यंत्रावर चढे ते कोसळे, मग बाकीचे तुकडे त्याच्या जागी नवं यंत्र शोधत, आणि फेरा चालू राही. काही यंत्रं कुलूपबंद खोल्यांत होती, त्यामुळे वायर उपटणंही शक्य नव्हतं. सुदैवाने त्यांनी आधीच एक उतारा लिहून ठेवला होता. नेटवर्कवर एक विशिष्ट पॅकेट सोडलं की सगळे तुकडे थांबतील. ते सोडलं, आणि इमारतभर सुमारे शंभर यंत्रं निपचित पडली. सहकारी आपापल्या खोलीत येऊन काळे पडदे बघत असताना ‘हे आमचं काम’ असं सांगायची पाळी त्या दोघांवर आली असणार. पुढे त्यांनी हा प्रसंग लपवला नाही, १९८२ च्या शोधनिबंधात सविस्तर छापला. नेटवर्कवर स्वतःहून पसरणारं काही लिहिणाऱ्याने थांबवायची सोय आधी करावी हा धडा तिथून मिळतो.

संध्याकाळी कॅलट्रेनने सॅन अँटोनियो स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चालावं. ३९१, सॅन अँटोनियो रोडवर फुटपाथवर ट्रान्झिस्टर आणि डायोडची मोठी शिल्पं उभी आहेत. इथे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली यांची प्रयोगशाळा होती. जुनी इमारत पाडली, शिल्पं २०१८ मध्ये बसवली. खोऱ्यात सिलिकॉन आलं ते इथून.

ऑफिसातल्या अवघडलेपणाची कमाल पाहायची तर ती इथे. एका सेक्रेटरीच्या अंगठ्याला दारातून जाताना काहीतरी धातूचं लागलं. शॉकलींना खात्री पटली की हा घातपात आहे, आणि त्यांनी कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टरवर चाचणी घ्यायचं काढलं. शेल्डन रॉबर्ट्स या धातुशास्त्रज्ञाने ती टोचलेली वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नोटीस लावायची पिन, वरची प्लॅस्टिकची टोपी तुटलेली! नोबेल मिळवणारा माणूस, हाताखाली देशातले निवडक वैज्ञानिक, आणि चौकशी टाचणीची. सप्टेंबर १९५७ मध्ये त्यांतले आठ जण एकत्र बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी राहिली. बाहेर पडण्याआधी कराराचे कागद तयार नव्हते, म्हणून त्या आठांनी आणि पैसा उभा करणाऱ्या दोघांनी एक डॉलरच्या नोटांवर सह्या केल्या. प्रत्येकाकडे एक नोट. फेअरचाइल्डची जागा जवळच, ८४४, ईस्ट चार्ल्सटन रोडवर आहे. तोही राज्याच्या यादीतला वारसा, क्रमांक १०००.

दुसरा दिवस: माउंटन व्ह्यू

माउंटन व्ह्यू स्टेशनपासून कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम सुमारे तीन किलोमीटर, पत्ता १४०१, नॉर्थ शोरलाइन बुलेव्हार्ड. सोमवारी-मंगळवारी जाऊ नये. बुधवार आणि शनिवार हे आयबीएम १४०१ हा जुना पंचकार्डांचा संगणक चालवून दाखवायचे दिवस. वेळ निघण्यापूर्वी म्युझियमच्या साइटवर पाहून घ्यावी. हा संगणक निवृत्त इंजिनिअरांनी स्वयंसेवक म्हणून दुरुस्त करून जिवंत ठेवला आहे. ती मंडळी बोलकी आहेत. त्यांना यंत्राबद्दल विचारण्याआधी त्यांच्या ऑफिसाबद्दल विचारावं, गोष्टी सुरू होतात.

पंचकार्डाच्या काळातली भीती एकच होती, कार्डांचा गठ्ठा हातून पडणं. एका कार्डावर ८० रकाने, एका ओळीला एक कार्ड, म्हणजे हजार ओळींच्या प्रोग्रॅमला हजार कार्डं. जिन्यात सहकाऱ्याचा धक्का लागला की दिवसभराचं काम जमिनीवर. यावर दोन उपाय होते. पक्का उपाय म्हणजे ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक छापायचा, मग कार्डं वर्गीकरण यंत्रातून काढून क्रम परत लावता येतो. स्वस्त उपाय म्हणजे गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करने एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची. कार्डं क्रमाने असली तर रेघ सरळ दिसते, एखादं इकडेतिकडे झालं की रेघ तुटते. मधे नवीन कार्डं घातली की रेघ बिघडते, म्हणून जुन्या गठ्ठ्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या रेघा दिसतात.

भोकं पाडताना पडणारे कागदी कण हे त्या काळचं खोडीचं सामान. मित्राच्या खणात, छत्रीत, गाडीत ते ओतायचे. हे कण कडक, टोकदार असतात, कपड्यांतून आणि केसांतून निघत नाहीत, डोळ्यात गेले तर इजा होते. म्युझियममध्ये स्वतःच्या नावाचं कार्ड पंच करून मिळतं, ते घ्यावं.

दुपारचं जेवण कॅस्ट्रो स्ट्रीटवर. स्टेशनजवळचा भाग गाड्यांना बंद केला आहे, बाहेर मांडलेल्या टेबलांवर निवांत बसता येतं. मग गार्सिया ॲव्हेन्यूकडे निघावं. २५५० हा सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचा १९८० च्या दशकातला पत्ता. गुगलप्लेक्स तिथून जवळच.

सनमध्ये १ एप्रिल हा सणासारखा पाळला जाई. १९८६ मध्ये तिथले वरिष्ठ अधिकारी एरिक श्मिट सकाळी आले तर त्यांच्या ऑफिसात फोक्सवॅगन बीटल उभी. गाडी दारातून जाणार नाही, म्हणून इंजिनिअरांनी ती सुटी करून आत नेली आणि आतच जोडली. या कामाला बीटल अगदी योग्य गाडी आहे. तिचं इंजिन मागे असतं आणि चार ठिकाणी बोल्टने धरलेलं असतं. चारही मडगार्ड बोल्टवर, आणि आख्खी बॉडी खालच्या तळपत्र्यापासून बोल्ट काढून वेगळी होते. वेल्डिंग कापायची गरज पडत नाही. अमेरिकेतली त्या काळची दुसरी कुठलीही मोठी गाडी निवडली असती तर एका रात्रीत हे जमणं कठीण होतं. पुढच्या वर्षी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, बिल जॉय यांची फेरारी ऑफिसच्या तळ्याच्या मध्यावर उभी दिसली. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीचे प्रमुख स्कॉट मॅकनिली यांच्या ऑफिसात गोल्फचं मैदान तयार झालं. बळी पडलेली तिन्ही माणसं कंपनीतली सर्वांत वरची होती. चांगल्या खोडीची हीच खूण. खालच्या माणसाची अशी मस्करी केली असती तर तो छळ झाला असता.

श्मिट यांच्या खोलीचं नशीब पुढेही तसंच राहिलं. २००१ मध्ये ते गुगलमध्ये वरिष्ठ पदावर आले. कंपनी तेव्हा जवळच २४००, बेशोअर पार्कवेला होती. त्यांनी मुद्दाम छोटी खोली घेतली, ऐट दिसू नये म्हणून. एका सकाळी पाहतात तर अमित पटेल नावाचा इंजिनिअर त्याच खोलीत टेबल मांडून काम करतोय. तो ज्या खोलीत बसायचा तिथे गर्दी झाली होती, आणि ही खोली त्याला रिकामी दिसली. श्मिट यांनी त्याला हाकललं नाही. दोघं काही काळ एका खोलीत, कानाला हेडफोन लावून राहिले, आणि कंपनीच्या उत्पन्नाचे ताजे आकडे पटेलच्या पडद्यावर असल्यामुळे साहेबांना ते शेजाऱ्याकडूनच आधी कळू लागले. नवीन कंपनीत पहिल्याच दिवसांत खोलीच्या हक्कावरून वाद घातला असता, तर बाकीचे इंजिनिअर त्यांच्याशी कसे वागले असते याचा विचार करावा.

गुगलप्लेक्सच्या आवारात रस्त्यांवरून चालता येतं. डायनोसॉरचा सांगाडा मोकळ्या जागेत आहे, आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो लटकवायची तिथल्या लोकांची जुनी खोडी आहे. रंगीत सायकली कर्मचाऱ्यांसाठी आहेत, पाहुण्यांनी घेऊ नयेत. बसायला, चहा-कॉफीला २०००, नॉर्थ शोरलाइनचं अभ्यागत केंद्र २०२३ पासून खुलं आहे.

गाडी असेल तर परतताना १०१ महामार्गाने मेन्लो पार्कला, विलो रोड आणि बेफ्रंट एक्सप्रेसवेच्या कोपऱ्यावर जावं. सनचं नंतरचं आवार हेच. २०११ मध्ये फेसबुक इथे आलं तेव्हा प्रवेशाची जुनी पाटी फेकून दिली नाही. ती उलटी करून पुढे आपलं चिन्ह लावलं आणि मागे सनची अक्षरं तशीच राहू दिली. मोठी कंपनीही संपते हे कर्मचाऱ्यांना रोज दिसावं म्हणून.

तिसरा दिवस: सनीव्हेल

१५७, वेस्ट एल कॅमिनो रिअल. ५२२ किंवा २२ बसने सहज पोचता येतं. इथे पूर्वी अँडी कॅप्स टॅव्हर्न हा बार होता, पुढे त्याच जागेत रूस्टर टी. फेदर्स हा विनोदी कार्यक्रमांचा क्लब आला. १९७२ मध्ये अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचं पाँग या खेळाचं पहिलं यंत्र इथे ठेवलं होतं.

पाँगची सुरुवात साहेबाच्या खोटेपणातून झाली. ॲल अल्कॉर्न नवीन इंजिनिअर होता. त्याचा हात बसावा म्हणून अटारीच्या नोलन बुशनेलने सराव म्हणून टेबलटेनिसचा खेळ बनवायला दिला आणि सांगितलं की हे जनरल इलेक्ट्रिकचं काम आहे. असं काही कंत्राटच नव्हतं. अल्कॉर्न मात्र गिऱ्हाइकाच्या भीतीने जीव तोडून काम करत होता. त्याने दुकानातून ७५ डॉलरचा साधा टीव्ही आणला आणि भोवती लाकडी पेटी केली. आवाजाबद्दल दोन मालकांचं एकमत होईना. बुशनेलला प्रेक्षकांचा जल्लोष हवा, त्याचा भागीदार टेड डॅब्नीला हुर्यो. दोन्ही बनवायला भाग आणि वेळ नव्हता. अल्कॉर्नने पडदा चालवणाऱ्या सर्किटमध्ये आधीच जे ध्वनी-वारंवारतेचे संकेत होते त्यांतून ‘टक’ काढला. बॅट पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला पोचत नाही हा सर्किटचा दोष. तो ठेवला, कारण त्यामुळेच खेळ अवघड होतो आणि संपतो.

काही दिवसांनी टॅव्हर्नमधून फोन आला, यंत्र बंद पडलं. अल्कॉर्नने पेटी उघडली. नाण्यांचा डबा भरून वर आला होता आणि पुढचं नाणं जायला जागा नव्हती. दुरुस्ती म्हणजे मोठा डबा. बिघाडाचं असं कारण सेवा-अभियंत्याच्या नशिबी क्वचितच येतं.

अटारीतल्याच ‘ब्रेकआउट’ या खेळाचं प्रकरण मात्र हसून सोडून देण्यासारखं नाही. स्टीव्ह जॉब्सला रात्रपाळीला ठेवलं होतं, कारण तो फळं खाऊन राहायचा, आंघोळ करायचा नाही आणि सहकाऱ्यांना वास सहन होत नसे. १९७५ मध्ये कमी चिपांत खेळ बसवण्याचं काम त्याने घेतलं आणि एचपीत नोकरी करणारा मित्र स्टीव्ह वॉझ्नियाक याच्याकडून चार रात्रींत करून घेतलं. ७०० डॉलर मिळणार, अर्धे तुझे, असं सांगून ३५० दिले. चिपा वाचवल्याबद्दल हजारो डॉलरचा बोनस मिळाल्याचं वॉझ्नियाकला कित्येक वर्षांनी कळलं. त्याची रचना इतकी घट्ट होती, की अटारीच्या इंजिनिअरांना ती उत्पादनात घेता आली नाही, त्यांनी वेगळी केली. मैत्रीत पैशाचा आकडा लपवणं हे कुठल्याही ऑफिसात वाईटच.

पुढचा थांबा १२६५, बोरेगास ॲव्हेन्यू, अटारीचं मुख्यालय. इथे खेळावर प्रोग्रॅमरचं नाव छापत नसत. वॉरन रॉबिनेटने ‘ॲडव्हेंचर’ हा ४ किलोबाइटचा खेळ लिहिला आणि आत एक गुप्त खोली ठेवली. किल्ल्याच्या भुयारात एका बिंदूएवढी वस्तू असते, रंग पार्श्वभूमीसारखाच करडा, त्यामुळे दिसत नाही. ती उचलून ठराविक खोलीत न्यायची, तिथे आणखी दोन वस्तू ठेवायच्या. एकाच खोलीत वस्तू जास्त झाल्या की यंत्राला त्या एकदम काढता येत नाहीत, त्या लुकलुकतात आणि भिंतही लुकलुकते, मग खेळाडू भिंतीतून पार होतो. आत त्याचं नाव. कोणाला न सांगता तो १९७९ मध्ये नोकरी सोडून गेला. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका मुलाने पत्राने कळवलं तेव्हा कंपनीला पत्ता लागला. नाव काढायचं तर खेळ साठवलेल्या चिपचा (रॉमचा) साचा नव्याने करावा लागणार होता, खर्च सुमारे १०,००० डॉलर. म्हणून ते राहिलं.

याच सुमारास डेव्हिड क्रेन आणि त्याच्या साथीदारांनी विक्रीचे आकडे पाहिले, आपले खेळ किती कमावतात ते मोजलं आणि अध्यक्ष रे कॅसार यांच्याकडे गेले. कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचंही महत्त्व, असं उत्तर मिळालं. चौघांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन काढली आणि खोक्यावर प्रोग्रॅमरचं नाव छापलं. कॅसार यांनी एका मुलाखतीत प्रोग्रॅमरांना चटकन भडकणाऱ्या नायिका म्हटलं. मागे राहिलेल्यांनी तेच शब्द टीशर्टवर छापून घेतले आणि घालून ऑफिसात आले.

रात्रीचं जेवण इथेच उरकावं. सनीव्हेलच्या एल कॅमिनोवर भारतीय खानावळी आणि किराणा दुकानं ओळीने आहेत.

चौथा दिवस: कुपर्टिनो

सगळी ठिकाणं पाच-सहा किलोमीटरच्या आत. सकाळी स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्ड, क्रमांक २०८६३. ॲपलचं पहिलं खरं ऑफिस, १९७७. अध्यक्ष माइक स्कॉट यांनी बॅज छापताना वॉझ्नियाकला १ आणि जॉब्सला २ क्रमांक दिला. जॉब्स तक्रार घेऊन गेला, रडवेला झाला. शेवटी त्याने शून्य मागून घेतला. बॅजवर शून्य आला, पण पगार काढणाऱ्या बँकेच्या प्रणालीत शून्य चालत नसे, म्हणून पगारपत्रकात तो २ च राहिला.

तिथून पायी बँडली ड्राइव्ह. ॲपलच्या मॅकिंटॉश (मॅक) संगणकाचा गट १९८३ मध्ये इथल्या बँडली ३ इमारतीत आला. ‘आरमारात भरती होण्यापेक्षा चाचे व्हा’ असं जॉब्सने गटाला सांगितलं होतं, म्हणून स्टीव्ह कॅप्सने काळं कापड शिवलं आणि सुझन केअरने त्यावर कवटी रंगवली, डोळ्यावर पट्टीऐवजी ॲपलचं इंद्रधनुषी चिन्ह. झेंडा रात्री छतावर चढवला. लिसा या ॲपलच्याच दुसऱ्या संगणकाच्या गटाने तो पळवला. कॅप्सने त्यांच्या इमारतीत घुसून एका सेक्रेटरीच्या टेबलातून तो परत मिळवला. एकाच कंपनीतले दोन गट इतके इरेला पेटले होते.

लिसाच्याच गटातला आकड्यांचा किस्सा प्रत्येक मॅनेजरने वाचावा असा आहे. १९८२ च्या सुरुवातीला दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी कोड लिहिला त्याचा फॉर्म भरायचा होता. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅममधला आकृत्यांचे भाग हाताळणारा कोड नव्याने लिहिला. तो सहापट वेगवान झाला आणि २,००० ओळींनी कमी झाला. त्यांनी फॉर्मवर ‘-२०००’ लिहिलं. दोन-चार आठवड्यांत त्यांच्याकडून फॉर्म मागणं बंद झालं. ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये गेले. ओळी मोजून पगारवाढ ठरवणारे अजून आहेत.

आता कपाट. मॅकसाठी ॲपलचा स्वतःचा फ्लॉपी ड्राइव्ह भरवशाचा निघाला नाही. सोनीचा साडेतीन इंची ड्राइव्ह तयार होता, पण जॉब्सने ठरवलं की आल्प्स कंपनीकडून तसाच करून घ्यायचा. त्याला दीड वर्ष लागेल हे मॅकच्या गटातल्या बॉब बेलव्हिल आणि जॉर्ज क्रो यांना दिसत होतं. त्यांनी साहेबाला न सांगता सोनीशी बोलणी चालू ठेवली. सोनीचा एक तरुण इंजिनिअर इथे येऊन काम करायचा. एके दिवशी तो खोलीत असताना बाहेर जॉब्सचा आवाज आला. क्रोने त्याला झाडूवाल्याच्या कपाटात लपायला सांगितलं. बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण तो आत गेला आणि जॉब्स जाईपर्यंत अंधारात उभा राहिला. बाहेर आल्यावर अमेरिकेतली काम करायची पद्धत फार विचित्र आहे एवढंच म्हणाला. आल्प्सला जमणार नाही हे उघड झालं तेव्हा जॉब्सने दोघांचे आभार मानले, आणि जानेवारी १९८४ मध्ये मॅक सोनीचा ४०० किलोबाइटचा ड्राइव्ह घेऊन आला.

डी ॲन्झा बुलेव्हार्डने उत्तरेला इन्फिनिट लूप, ॲपलचं जुनं मुख्यालय. १९९३ मध्ये रॉन ॲव्हिट्झर या कंत्राटी इंजिनिअरचा प्रकल्प रद्द झाला, पण बॅज चालू होता. तो येत राहिला आणि आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लिहीत राहिला. ग्रेग रॉबिन्सचंही कंत्राट संपलं होतं. त्याने सांगितलं की मी रॉनच्या हाताखाली आहे, रॉनने सांगितलं की मी ग्रेगच्या. वरती कोणीच नाही, म्हणून बैठका नाहीत. एकदा तक्रार झाली आणि बॅज रद्द झाले, मग सकाळी दाराशी थांबून दुसऱ्यांच्या मागोमाग आत शिरू लागले. बाकीचे इंजिनिअर यंत्रं देत, चाचण्या करत. मास्टर डिस्क बनवणाऱ्याने सांगितलं होतं की उत्पादनाच्या आदल्या दिवशी द्या. १९९४ च्या मार्चमध्ये पॉवर मॅक या नव्या संगणकांबरोबर तो प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रावर गेला.

त्याच मालिकेतल्या ७१०० ला आतल्या आत ‘कार्ल सेगन’ म्हणत. भावंडांची नावं होती ‘पिल्टडाउन मॅन’ आणि ‘कोल्ड फ्यूजन’, दोन्ही विज्ञानातल्या फसलेल्या दाव्यांची. खगोलशास्त्रज्ञ सेगन यांनी हरकत घेतली. गटाने नाव बदलून ‘बीएचए’ केलं, त्यात त्यांना दिलेली शिवी होती. प्रकरण न्यायालयात गेलं, अब्रूनुकसानीचा दावा फेटाळला गेला, १९९५ मध्ये तडजोड झाली. इथे चूक ॲपलच्या गटाची होती. ज्याने फक्त आपलं नाव काढा म्हटलं, त्याला शिवी देण्याचं कारण नव्हतं.

शेवटचा थांबा १०६००, नॉर्थ टँटाउ ॲव्हेन्यू, ॲपल पार्कचं अभ्यागत केंद्र. गच्चीवरून गोल इमारतीचा थोडासा भाग झाडांतून दिसतो, आतलं मॉडेल नीट पाहावं. जानेवारी २०१८ मध्ये नव्या इमारतीत लोक काचेच्या भिंतींवर आपटू लागले आणि डोक्याला लागल्याचे फोन आपत्कालीन सेवेला गेले. कर्मचाऱ्यांनी काचेवर चिकटचिठ्ठ्या लावल्या. शोभा जाते म्हणून त्या काढल्या गेल्या. कारण सरळ आहे. स्वच्छ, चौकट नसलेली, जमिनीपासून छतापर्यंतची काच डोळ्याला दार आहे की भिंत हे सांगत नाही, त्यात चालणारा फोनमध्ये बघत असतो. म्हणूनच डोळ्याच्या उंचीवर ठिपके किंवा पट्टा लावतात. अभ्यागत केंद्रालाही चारी बाजूंनी काच आहे, तेव्हा लहान मुलांचा हात धरावा.

एकच दिवस हाती असेल तर माउंटन व्ह्यू निवडावं, आणि तेही बुधवारी, कारण शनिवारी पंचकार्डाच्या यंत्रापुढे गर्दी जास्त असते.